लांबोळ्या चेंडूचे भविष्य

दिवाळी अंक हाती पडला की आमच्या घरात आधी भविष्याचे पान उघडले जाते. तेव्हा मीही यंदा भविष्य सांगायलाच बसलो आहे. मात्र ते मेष-वृषभाचे नव्हे. माझ्या राशी चोवीस आहेत, प्रत्येक राशीत पंधरा-पंधरा दांडगे गडी आहेत, आणि ग्रह म्हणाल तर एकच. तोही धड गोल नाही, सोललेल्या नारळासारखा लांबोळा. १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७ या काळात हा ग्रह ऑस्ट्रेलियाच्या आकाशात भ्रमण करणार आहे. रग्बीचा विश्वचषक, दुसरे काय!

"रग्बी? म्हणजे ती मारामारी?" असे आमची ही विचारते, तसे तुम्हीही विचाराल. पण मराठी माणसाला हा खेळ कळायला मुळीच जड जाऊ नये. हुतूतूतली पकड, दहीहंडीतला थर आणि सकाळी साडेआठची विरार लोकल एकत्र करा, की रग्बी तयार. दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी डोक्याला डोके भिडवून रेटारेटी करतात, तो स्क्रम. एकाला दोघांनी उचलून आभाळात धरायचे आणि त्याने चेंडू झेलायचा, तो लाइनआउट. चेंडू घेऊन पळत जाऊन पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवला की पाच गुण, वर लाथेने खांबांमधून धाडला तर आणखी दोन. पुढे तर जायचे, पण हाताने चेंडू द्यायचा तो मात्र मागच्यालाच. ज्याने सरकारी कचेरीत हयात घालवली त्याला ही प्रगतीची पद्धत समजावून सांगावी लागत नाही.

आणि हा खेळ आपल्याकडे अगदीच परका आहे असेही नाही. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर भर पावसात, चिखलात लोळत तो खेळला जातो. कलकत्त्याला तर गोऱ्या साहेबांनी १८७२च्या नाताळात सामना भरवला होता. पुढे तिथला क्लब बंद पडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक कप घडवला. त्याच्या झाकणावर हत्ती आणि कड्यांच्या जागी तीन नाग. या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी एकमेकांची हाडे मोडतात. रुपये आपले, हाडे त्यांची. असा सौदा इंग्रजांशी आपला एरवी कधी झाला नाही!

आता राशींकडे वळू.

पहिला मान दक्षिण आफ्रिकेचा. चार वेळा चषक नेला: १९९५, २००७, २०१९ आणि २०२३. लागोपाठ तीनदा तो अजून कुणीच जिंकलेला नाही आणि यांचा डोळा नेमका त्यावरच आहे. २०२३ साली यांनी काय केले पाहा. उपांत्यपूर्व सामना फ्रान्सशी, २९-२८. उपांत्य सामना इंग्लंडशी, १६-१५. अंतिम सामना न्यूझीलंडशी, १२-११. प्रत्येक वेळी एका गुणाने! वाण्याच्या दुकानातसुद्धा इतके काटेकोर माप मिळत नाही. त्यांचे तेव्हाचे रग्बी संचालक रासी इरॅस्मस यांनी त्या अंतिम सामन्यात राखीव आठ गड्यांपैकी सात जण नुसते रेटारेटीचे पैलवान ठेवले होते. समोरचे दमले की ही ताजी कुमक आत सोडायची. लग्नात पहिली पंगत उठता उठता ताज्या दमाचे वाढपी पुढे करावेत, तसा हा हिशेब. मात्र याच संघाच्या सहा नंबरच्या जर्सीत १९९५ साली नेल्सन मंडेला मैदानावर आले होते आणि अलीकडचे दोन चषक सिया कोलिसी या कृष्णवर्णीय कर्णधाराने उचलले. त्यामुळे यांच्यावर धड रागावताही येत नाही. ग्रहमान उत्तम.

न्यूझीलंडची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण आमचे चिरंजीव ऑकलंडला असतात. नात तिथलीच. हे लोक सामन्याआधी 'हाका' नावाचा माओरी नाच करतात. डोळे वटारून, जिभा काढून, मांड्या थोपटून. त्यांच्या प्रसिद्ध हाकाचे नाव 'का माते'. हिने ते पहिल्यांदा ऐकले आणि हात जोडले! देवीचा जागर असावा, अशी तिची समजूत झाली. तीन चषक यांच्याकडे आहेत, पण २०२५च्या सप्टेंबरात वेलिंग्टनला, म्हणजे घरच्या अंगणात, आफ्रिकेने यांना ४३-१० असे झोडपले. काळा झगा अंगात असला म्हणून प्रत्येक खटला जिंकता येत नाही.

आणि आता आयर्लंड. इथे ज्योतिष्याचा हात थरथरतो. कारण आमची लेक डब्लिनला आणि नातू तिथल्या शाळेच्या संघात.

आयर्लंड आठ वेळा विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यापर्यंत पोचले आणि आठही वेळा तिथूनच परतले. पंढरपूरला आठ वाऱ्या कराव्यात आणि दर वेळी वाखरीहून मागे फिरावे, तसे. २०२३ साली तर त्यांनी दक्षिण आफ्रिकेलाही हरवले होते. मग समोर आले न्यूझीलंड. आपल्याकडे रात्रीचा साडेबाराचा सुमार, उजाडताच घटस्थापना. माझ्या एका कानाशी ऑकलंडचा फोन आणि दुसऱ्या कानाशी डब्लिनचा. शेवटच्या मिनिटांत आयर्लंड चार गुणांनी मागे होते आणि त्यांनी चेंडू हातचा न सोडता सदतीस वेळा धडका मारल्या. सदतीस! एक पडायचा, दुसरा चेंडू उचलायचा, तो पडायचा, तिसरा उचलायचा. मी मोजत होतो. सदतिसाव्याला चेंडू गेला, २४-२८ असा सामना गेला आणि जॉनी सेक्स्टनची कारकीर्द तिथेच संपली. एका कानात आरोळी उठली आणि दुसऱ्या कानात अगदी शांतता. "आजोबा, तुम्ही कुणाकडून होता?" असे दोघांनीही विचारले. ज्योतिष्याने अशा वेळी लाइन खराब आहे असे सांगावे, हे शास्त्रसंमत आहे.

इंग्लंडची रास स्थिर. यांनी एकच चषक जिंकला, २००३ साली सिडनीत. जादा वेळेत, अगदी अखेरच्या क्षणी, जॉनी विल्किन्सनने एरवीच्या डाव्या नव्हे, तर दुसऱ्याच पायाने चेंडू खांबांमधून धाडला. २०-१७. तो क्षण इंग्लंडमध्ये लहान पोरेही सांगतात. पण त्या संघातल्या एका माणसाला तो आठवत नाही. स्टीव्ह थॉम्पसन त्यांचा हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीत ऐन मधोमध डोके घालणारा गडी. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या हादऱ्यांनी त्याला चाळिशी उलटताच स्मृतिभ्रंश जडला. २०२० साली त्याने ते जाहीर केले, आणि विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला काहीही आठवत नाही असेही सांगितले. हे वाचल्यापासून स्क्रम भिडतो तेव्हा माझे हसू पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही. आता डोक्याला धक्का लागला की पंच कुणाचीही भीड ठेवत नाहीत. २०२३च्या अंतिम सामन्यात खुद्द न्यूझीलंडच्या कर्णधाराला, सॅम केनला, लाल कार्ड दाखवून बाहेर बसवले. त्या वेळी नात रडली. ही मात्र म्हणाली, "बरोबर केले त्या पंचाने. त्याच्या घरी नातवंडे असतील."

आमचा डब्लिनचा नातू चौदा वर्षांचा आहे. तोही हुकरच आहे.

असो. फ्रान्स तीनदा अंतिम सामना हरले, २०२३ साली घरच्या मैदानावर एका गुणाने गेले. त्यांचा कर्णधार आंत्वान द्युपाँ गालाचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच स्पर्धेत उतरला होता. खेळतात देखणे, पण मनात आले तर. यजमान ऑस्ट्रेलिया २०२३ साली वेल्सकडून ४०-६ हरून पहिल्यांदाच गटातून बाहेर गेले. मग २०२५ साली जोहान्सबर्गला जाऊन शून्य-बावीसच्या पिछाडीवरून आफ्रिकेला हरवून आले. यांना आता न्यूझीलंडच्याच गटात टाकले आहे. वेल्सला साडेसाती, मध्यंतरी ओळीने अठरा कसोटी सामने हरले. स्कॉटलंड पुन्हा आयर्लंडच्या गटात, म्हणजे शेजाऱ्याची भांडणे पाण्याच्या नळावरून थेट परदेशात.

माझा खरा जीव धाकट्या राशींवर आहे. सामोआने शेवटची चोविसावी जागा मिळवली ती बेल्जियमशी १३-१३ अशी बरोबरी करून. त्यांचे कितीतरी भाईबंद न्यूझीलंडच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या जर्सीत खेळत असतात. स्पेन १९९९नंतर प्रथमच येत आहे. मागच्या दोन्ही खेपांना अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल त्यांचे गुण कापले गेले, म्हणजे कागदपत्रांपायी हेलपाटे घालणारे आपणच एकटे नाही. झिंबाब्वे १९९१नंतर येत आहे. आणि फिजी! तिथे उसाच्या मळ्यांवर आपली माणसे गिरमिटावर गेली होती. सात-सात गड्यांच्या रग्बीत फिजीने २०१६ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्यांच्या सरकारने चक्क सात डॉलरची नोट काढली. ज्या देशात सात डॉलरची नोट निघू शकते, त्या देशाने काहीही करावे. २०२३ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवले आणि पोर्तुगालकडून एका गुणाने हरले. यांचे भविष्य सांगणारा ज्योतिषी उपाशी मरेल.

तर माझे भाकीत असे: अंतिम सामना दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्स, निकाल एका गुणाने, कुणाचा ते विचारू नका. आयर्लंड या वेळी वाखरीच्या पुढे जाईल. याला ग्रहांचा आधार नाही, नातवाचा आहे.

सिडनीतले रात्रीचे सामने आपल्याकडे दुपारी दोन-अडीचला पडतील, म्हणजे वामकुक्षीचा बळी जाणार. पण उपांत्यपूर्व फेरीच्या सुमारास दिवाळी आहे, आणि डब्लिनच्या शाळांना ऑक्टोबर संपता संपता आठवड्याची सुट्टी असते. लेकीने यायचे कबूल केले आहे. ऑकलंडची सुट्टी त्याआधीच संपते, त्यामुळे नात फोनवरच ओरडेल. गेल्या महिन्यात नातवाने हळूच विचारले, "आजोबा, आई म्हणते पुढच्या वर्षापासून रग्बी बंद. तुम्ही सांगा ना तिला." ही स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होती. मी त्याला म्हटले, "इकडे ये. आयर्लंडचा सामना आपण दोघे शेजारी बसून बघू. स्क्रम झाला की मला एकेकदा सांगायचे, तुझी मान नेमकी कुठे असते ते. मग मी तुझ्या आईशी बोलेन."

त्याने लगेच विचारले, "आणि आजी?"

आजीसाठी चकलीचा सोऱ्या फिरवून द्यायचे त्याने कबूल केले आहे.