दापोडी ते कार्ले : एका भरकटणाऱ्या गाडीसोबत



प्रवासवर्णन म्हटले की वाचकांना काश्मीर नाही तर श्रीलंका आठवते. आमचा प्रवास दापोडीहून कार्ल्यापर्यंतचा, पन्नासेक किलोमीटरचा. पण तो करावा लागला एका कामगाराच्या पगारासाठी, म्हणून चार शब्द लिहितो.

आमचा भाचा आयटीआय करून एका गॅरेजमध्ये लागला आहे. तिथे एका शेठची जुनी स्पोर्ट्‌स गाडी येते. एमजीबी, सन १९६९ ची, इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली. दोन माणसांची, जमिनीला टेकेल अशी बुटकी. ही गाडी साठाच्या पुढे गेली की रस्ता धरीना. चालक सरळ चालवतो, गाडी मात्र दारुड्यासारखी या कडेची त्या कडेला. दोन महिन्यांपूर्वी भाच्याने हिचा स्टिअरिंग रॅक बदलला होता. तेव्हा शेठ म्हणाले, पोराने रॅक नीट बसवला नाही. मालकाने मान डोलावली आणि भाच्याच्या पगारातून दरमहा दोन हजार कापायचे ठरवले.

पोरगा रात्री घरी येऊन आमच्यासमोर बसला. "मामा, रॅक मी बरोबर बसवलाय."

आम्ही म्हणालो, "तू म्हणतोस म्हणून आम्ही धरणार नाही, आणि शेठ म्हणतात म्हणून सोडणार नाही. गाडी आण."

एसटीच्या दापोडी कार्यशाळेत आमची हयात गेली. गाडी खोटे बोलत नाही एवढे तिथे शिकलो. शेठची परवानगी काढली आणि रविवारी सकाळी निघालो. एक्स्प्रेसवे २००२ पासून पुरा झाला आहे, पण डोलणारी गाडी तिथे नेणे म्हणजे मरणाला आवतण. जुन्या मुंबई रस्त्यानेच गेलो. पिंपरीच्या चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हात जोडले आणि निगडी सोडली.

पहिला मुक्काम देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते जिथे रंगूनची बुद्धमूर्ती बसवली, ते हे ठिकाण. दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. आमचे वडील त्या गर्दीत होते असे घरात सांगत. वंदना करून बाहेर आलो आणि चहाच्या टपरीमागे सपाट जागा पाहून गाडी लावली.

आधी हवा. हे सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत आधी. पंपावरच्या पोऱ्याने चारही चाकांत पस्तीस पौंड ठासली होती. या गाडीला पुढे २१ आणि मागे २४ लागते. टायरही पाहिले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे २३११ होते, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र लाकूड झालेले. आपल्या रिक्षाचे, टेंपोचे टायर घेतानाही हे आकडे वाचावेत. दुकानदार आपणहून दाखवत नाही.

मग पुढचे चाक जॅकवर उचलले. वर-खाली धरून हलवले, किंचित खेळ लागला. भाच्याला ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवले. खेळ गेला. म्हणजे तो चाकाच्या बेअरिंगचा, किंगपिनचा नव्हे. ब्रेक दाबूनही खेळ राहिला असता तर किंगपिन झिजलेला धरला असता. डावी-उजवीकडे धरून हलवले, काहीच नाही. टाय रॉड एंड घट्ट, रॅक घट्ट. भाचा आमच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही काही बोललो नाही, कारण अजून गाडी डोलतच होती. किंगपिन कोरडे असले तरी चाक वळल्यावर आपणहून सरळ येत नाही आणि माणूस सारखा स्टिअरिंगशी भांडत बसतो. म्हणून ग्रीसही मारले. दोरी लावून पुढच्या चाकांची मापे घेतली, ती ठीक होती.

देहूरोडहून निघालो तेव्हा फरक पडला होता, पण निम्मा. तळेगाव, वडगाव गेले. कामशेतच्या खिंडीत चढाला आम्ही ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी डावीकडे सरकली. पाय उचलला, उजवीकडे. पुन्हा दाबला, पुन्हा डावीकडे. स्टिअरिंग जागचे हलवलेले नाही! मागून एसटी हॉर्न मारीत होती, तिची क्षमा मागून हाच खेळ चार वेळा केला.

"मामा, हे पुढचं नाहीच."

"मग कुठलं?"

"पाय दाबला की मागचा एक्सल डाव्या अंगाला पुढे सरकतोय. मागची चाकंच गाडी वळवताहेत."

पोरगा बरोबर बोलला. कार्ला फाट्यावर झाडाखाली गाडी घेतली आणि खाली घुसलो. डाव्या पाट्याच्या यू-बोल्टभोवती लाल भुकटी जमली होती. दोन लोखंडे एकमेकांवर घासली की अशी गंजाची भुकटी पडते. घट्ट जागी ती कधी दिसत नाही. पाना लावला तर नट गच्च. इथेच आधीचा माणूस फसला असणार. नट गंजलेल्या आट्यांवर अडकला होता, पाट्यावर बसलाच नव्हता. हाताला घट्ट लागे आणि एक्सल मोकळा राही. मागे कुठेतरी पाट्यांना कमान देऊन आणली, तेव्हाचे हे काम. रॅक त्यानंतर महिन्याने बदलला. गॅरेजच्या वहीत तारखा आहेत.

आट्यांवर तेल सोडले, चाकांना दगड लावले. तेल मुरायला वेळ लागतो, म्हणून लेणीवर गेलो.

पायऱ्यांवर एकवीरेला जाणाऱ्या कोळी बांधवांची रीघ होती. आम्ही चैत्यगृहात शिरलो. एवढे मोठे चैत्यगृह भारतात दुसरे नाही. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. भाचा मान वर करून बघतच राहिला, जोड कुठे आहेत ते शोधत. आम्ही त्याला दर्शनी भागातला एक शिलालेख सांगितला : धेनुकाकटचा सामि नावाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र, त्याने हे द्वार केले. राजांची आणि व्यापाऱ्यांची दाने कोरली, तसे एका सुताराचे नाव, बापाच्या नावासह, सुमारे दोन हजार वर्षे दगडात आहे. पोराने विचारले, "त्याचं काम त्याच्याच नावावर लिहिलं?" आम्ही हो म्हणालो.

खाली आलो. नट उलटा फिरला. तारेच्या ब्रशने आटे साफ केले, तेल लावले आणि गाडीचे वजन चाकांवर ठेवूनच पुन्हा आवळले. जिथे आधी अडत होता, तिथून नट दीड फेरा आणखी आत गेला. पाट्याच्या पुढच्या टोकाचा रबरी बुशही चेपलेला होता, तो नंतर दापोडीत बदलला.

परतीला भाच्याने गाडी चालवली. वडगाव ते तळेगाव सरळ रस्त्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. गाडी ओळ सोडीना.

सोमवारी तो चेपलेला बुश आणि भुकटीची पुडी घेऊन आम्ही मालकासमोर उभे राहिलो. वही उघडायला लावली. तारखा त्यांनी स्वतः वाचल्या. पुढच्या महिन्यापासून कापणे बंद झाले. शेठ नवे टायर घालणार म्हणाले. पहिल्या महिन्याचे दोन हजार अजून परत आलेले नाहीत. येत्या पगाराला आम्ही पुन्हा जाणार आहोत.