मास्तरांचं देणं

स्टीव्ह राइख या अमेरिकन संगीतकाराचं 'ड्रमिंग' ऐकून मी त्या वर्गाला गेलो. १९७१ सालची ही रचना. बोंगोच्या जोड्या, मरिंबा, ग्लॉकेनश्पील, मध्येच बायकांचे आवाज, शीळ. आणि तासाभराच्या या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी बारा मात्रांचा एकच छोटा बोल. पुण्यात तबला शिकून कॅलिफोर्नियात नोकरीला आलेल्या माणसाला वेड लावायला एवढं पुरेसं होतं. वेष्टनावरचा मजकूर वाचताना कळलं, की ते लिहिण्याआधी राइख १९७० च्या उन्हाळ्यात घानाला, आक्राला गेला होता. तिथल्या 'घाना डान्स एन्सेंबल'मधले एवे समाजातले वादक गिडियन आलोरवोये यांच्याकडे तो शिकला आणि मलेरिया झाल्यामुळे पाचेक आठवड्यांत परतला. आमच्या गावातल्या कॉलेजात संध्याकाळी एक एवे गृहस्थ वर्ग घेत, कुणालाही मुभा होती. मी नाव घातलं.

त्यांना मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचो. माझे कायदे-रेले ऐकण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. पहिले कित्येक वर्ग त्यांनी मला ढोलाला हात लावू दिला नाही. नाचायला लावलं. अगबाजा नावाचा नाच. याचं मूळ लढाईच्या नाचात आहे. आता तो मयतालाही नाचतात आणि सणालाही. किंचित पुढे वाकायचं, खांद्याची पाती मागे एकमेकींकडे खेचायची, सोडायची, आणि पावलं साधी टाकत राहायचं. दिसायला सोपं. माझ्या पाठीला मात्र आपल्याला पाती आहेत हे तोवर ठाऊकच नव्हतं.

मग हातात गांकोगुई आली. एक मोठी, एक लहान अशी लोखंडी जुळी घंटा, काठीनं वाजवायची. बारा मात्रांत सात ठोके: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. त्यात कधीही बदल नाही. भोवती मण्यांची जाळी घातलेला भोपळा खुळखुळतो, कागानू हा बारीक ढोल मुख्य ठोके सोडून चिवचिवतो, किडी उत्तरं देतो आणि म्होरक्याचा सोगो त्या सगळ्यांशी बोलत नाचणाऱ्यांना इशारे करतो. घंटेवाल्यानं फक्त घंटा वाजवायची.

मी तबलजी. मला सम हवी. सात ठोक्यांत ती शोधायला गेलो की हमखास घसरायचो. मास्तरांनी एकदा माझ्यासमोर उभं राहून नुसती पावलं टाकली. बारा मात्रांत चार पावलं: पहिलीवर, चौथीवर, सातवीवर, दहावीवर. म्हणाले, "आता तुझे ठोके मोज." मोजले. चारांपैकी दोनच पावलं घंटेवर पडत होती. चौथीवर आणि सातवीवर घंटा गप्प. म्हणजे ठेका अर्धा लोखंडात होता आणि अर्धा पायांत, आणि पायांतला कुणी वाजवून दाखवणार नव्हतं. ज्याच्या अंगात तो नाच नाही त्याला ही घंटा पाठ होईल, कळणार नाही. ढोलाऐवजी नाच हातात देण्यामागचा त्यांचा हिशेब असा रोकडा होता.

घरी येऊन पुन्हा 'ड्रमिंग' लावलं. एक गोष्ट राइखच्या बाजूनं सांगायला हवी. दोन वादकांनी एकच बोल हळूहळू पुढेमागे सरकवायची त्याची युक्ती आफ्रिकेतली नव्हे. ती त्याला १९६५ च्या सुमारास टेपरेकॉर्डरवर सापडली होती. लोक सगळंच घानाच्या खात्यावर मांडतात, तसं नाही. त्यानं स्वतःही उधारी लपवली नाही. एव्यांच्या गाहू या नाचावर त्यानं लेख लिहिला, आणि इतर संगीतकारांना बजावलं की आफ्रिकेचा आवाज उचलू नका, रचना कशी होते ते शिका. सल्ला शहाणाच. पण मास्तरांकडे नाचून आल्यावर मला त्यात एक भोक दिसतं: ती रचना पायांसकट होती, आणि सभागृहात पाय खुर्चीखाली जातात. १९९८ साली बेल्जियमच्या आन तेरेसा द केर्समाकर यांनी 'ड्रमिंग'वर अख्खं नृत्य बसवलं, तेव्हा काही हिशेब जुळला असं मी मानतो. मास्तरांना त्याचं चित्रण दाखवलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि नाचणारे खूप दमले असतील, एवढंच म्हणाले.

वर्गाची फी नाममात्र होती. माझी मायदेशी परतायची वेळ आली तेव्हा मी काय देऊ विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्याकडे तबल्यावर कोण नाचतं?" मी कथकबद्दल भरभरून सांगितलं. "तू त्यांच्यासाठी वाजवतोस?" कधीच वाजवलं नव्हतं. आमच्याकडे साथीपेक्षा सोलोचा मान मोठा, निदान माझ्या डोक्यात तरी होता. मास्तर काही बोलले नाहीत. काहीही घेतलं नाही.

आता दर रविवारी गावातल्या एका ताईंच्या कथकच्या वर्गाला मी बसतो. मुली तत्कार करतात, तुकडे पढून नाचतात. मी डग्ग्यावरून नजर काढून त्यांच्या टाचांकडे लावलेली असते. एखादीचं पाऊल नेमकं पडायला लागलं की त्या जागची मात्रा मी सोडून देतो. ती तिनं भरायची. ताईंना हे पसंत आहे. परवा एका मुलीच्या आईनं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "सर मध्येमध्ये वाजवायचे थांबतात, ते विसरतात का हो?"

ताई घाईत होत्या. "हो," म्हणाल्या.