मंगळवारी बंद पडणारी गाडी

आमच्या वसईकडच्या धर्मग्रामांत नवी गाडी घेतली की ती चर्चच्या आवारात आणून तिला आशीर्वाद देण्याची रीत आहे. झेंडूचा हार घातलेली गाडी, भोवती नवे कपडे घातलेली मुले आणि मागच्या आसनावर आधीच जाऊन बसलेली आजी असे ते दृश्य असते. धर्मगुरू प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो आणि संत क्रिस्तोफरचे पदक आरशाखाली लटकू लागते. तो आनंद निर्भेळ असतो. परंतु गाडीचा संसार सुरू होतो तो त्यानंतर. ऊन, पाऊस, खड्डे आणि खारी हवा यांना तोंड देता देता ती कधीतरी कुरकुरते, तापते, रुसून बसते. गाडी घरातल्या सर्वांची असते. बंद मात्र ती कुणा एकाच्याच हातात पडते. मग घरात पहिला प्रश्न उमटतो, "तू काय केलेस हिला?"

या प्रश्नाने गाड्या दुरुस्त होत नाहीत, हे कुठल्याही कसलेल्या मेस्त्रीला ठाऊक असते. त्याने माणसे मात्र बिघडतात, हे मला एका कुटुंबाच्या सहवासात जवळून पाहता आले. त्यांच्या संमतीने ती हकिकत येथे सांगतो.

त्या घरातील वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस त्यांना डायलिसिससाठी तासाभराच्या अंतरावरील रुग्णालयात न्यावे लागे. दोघा भावांनी मिळून त्यासाठीच एक जुनी सेदान विकत घेतली होती. गुरुवार व शनिवार थोरल्याकडे, मंगळवार धाकट्याकडे अशी वाटणी होती. काही महिने सारे सुरळीत चालले. मग गाडी सकाळी सुरूच होईना. विशेष म्हणजे ती बंद पडे नेमकी मंगळवारी. शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून ती कशीबशी सुरू करावी लागे. गुरुवारी थोरला चावी फिरवी, तेव्हा ती किंचित कण्हत का होईना, पण सुरू होई.

थोरल्याने निष्कर्ष काढला की धाकटा रात्री गाडीत बसून गाणी ऐकत असणार. धाकट्याचे म्हणणे, दादाने बॅटरीच स्वस्तातली आणली. नवी बॅटरी आली. दुसऱ्याच मंगळवारी तीही उतरली. मग आणखी एक आणली, तिचीही तीच गत झाली. अशाच एका मंगळवारी रुग्णालयात पोहोचायला दीड तास उशीर झाला. वडिलांची वेळ टळली होती आणि धाप लागलेल्या अवस्थेत त्यांना संध्याकाळपर्यंत ताटकळावे लागले. त्या रात्री भावाभावांत जे शब्द उच्चारले गेले, ते लिहिण्याजोगे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एका घरात दोन वेळा पाने वाढली जाऊ लागली.

मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा वडील म्हणाले, "फादर, मला रिक्षाने न्या, नाहीतर नेऊ नका. पण ही गाडी विकायला सांगा पोरांना. माझ्यापायी त्यांचे तोंड बघणे बंद झाले."

गाडी विकणे हा उपाय नव्हता. माझ्या परिचयाचे एक वयस्क मेस्त्री आहेत. त्यांच्या गॅरेजच्या बाकावर मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत. मी दोघा भावांना गाडीसह त्यांच्याकडे घेऊन गेलो. दोघेही एकाच वेळी बोलू लागले. मेस्त्रींनी हात वर केला आणि विचारले, "बंद पडते ती केव्हा? आदल्या वेळेस चालवल्यापासून किती तास उभी असते? आणि चावी फिरवल्यावर आवाज कसला येतो?"

वाचकहो, या प्रश्नांत त्या विद्येचे सार आहे असे मला वाटते. रोग्याला तपासणारा वैद्य जसा लक्षण आणि कारण यांत गल्लत करीत नाही, तसाच चांगला मेस्त्री. त्यांच्याकडून ऐकलेल्या काही गोष्टी तुमच्याही उपयोगी पडाव्यात म्हणून नमूद करतो.

गाडी सुरू न होण्याचेच घ्या. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि समोरचे दिवेही मलूल, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पुटे चढून जोड सैल झाला आहे. 'टक्‌टक्‌टक्‌' असा भराभर आवाज म्हणजे बॅटरीत जीव थोडा आहे, पण स्टार्टर फिरवण्याइतका नाही. दिवे लख्ख आणि एकच ठसठशीत 'टक्‌' आला, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जाड वायरीवर घ्यावा. इंजिन जोमाने फिरते आहे, पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे. पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक पोहोचत नाही. नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनल स्वच्छ करून व्होल्ट मोजावेत. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास जातो. तो चढत नसेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. अशा वेळी बॅटरी बदलणे म्हणजे उपाशी माणसाची थाळी बदलण्यासारखे आहे.

गाडी तापते, तेव्हाही 'केव्हा' हाच प्रश्न उपयोगी पडतो. रहदारीत खोळंबल्यावर तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नसावा, कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उलट ती महामार्गावर किंवा घाट चढताना तापत असेल, तर पाण्याचे अभिसरणच अडले आहे. थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे. आमच्या किनारपट्टीवर विहिरीचे खारट पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय पुष्कळांना आहे. त्यातील क्षार नळ्यांत साचतात आणि धातू खातात. म्हणून कूलंटच वापरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच ते उसळून चेहरा भाजते. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण त्याने धातूला तडा जाऊ शकतो. गाडी सावलीत उभी करावी, इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत थांबावे. हे थांबणे फार थोड्यांना जमते.

ब्रेकची भाषा तर प्रत्येक चालकाने शिकलीच पाहिजे. बारीक किंचाळी ऐकू आली, तर पॅड झिजत आल्याची ती बहुधा पूर्वसूचना असते. धातूवर धातू घासल्याची खरखर म्हणजे सूचनेची मुदत संपली. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर आधी चाकांतील हवा पाहावी, मग अडकलेल्या ब्रेकचा शोध घ्यावा. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन तत्क्षणी बंद करावे. आणि जिच्या इंजिनापर्यंत पुराचे पाणी चढले होते, ती गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून पाहू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. चावी फिरवताच आतील दांडा वाकतो आणि वाचू शकणारे इंजिन आपल्याच हाताने मोडते.

आजच्या गाड्यांत संगणक असतो आणि यंत्र जोडले की तो बिघाडाचा क्रमांक सांगतो. पुष्कळांना वाटते, आता निदानाची गरजच उरली नाही. मेस्त्री मात्र म्हणतात, "फादर, तक्रार कुणी नोंदवली एवढेच हे यंत्र सांगते. चोर कोण, ते नाही सांगत." ऑक्सिजन सेन्सरची तक्रार आली म्हणून लोक महागडा सेन्सर बदलतात आणि एखाद्या रबरी नळीची बारीकशी चीर, जिच्यातून जादा हवा आत शिरत होती, ती तशीच राहते. सेन्सर बिचारा खरे तेच सांगत होता.

आता पुन्हा त्या दोन भावांकडे वळतो. मेस्त्रींनी सगळी दारे बंद करवली, चावी काढून घेतली आणि बॅटरीच्या ऋण वायरीत अँपिअर मोजणारा मीटर जोडला. उभ्या गाडीतही घड्याळ, रेडिओची स्मृती यांसाठी किंचित वीज लागते, ती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. मीटर ४०० च्या वर दाखवत होता. मेस्त्री एकेक फ्यूज काढू लागले. काढला, आकडा पाहिला, परत बसवला. भाऊ दोन बाजूंना उभे राहून एकाच मीटरकडे पाहत होते. एक फ्यूज निघताच आकडा एकदम खाली आला. तो होता आतल्या दिव्यांचा. छताचा दिवा तर विझलेलाच होता. मेस्त्रींनी डिकी उघडली आणि तेथील छोट्या दिव्याला बोट लावले. तो चांगलाच तापलेला होता.

डिकी बंद झाल्यावर जी कळ दाबली जाऊन दिवा विझायला हवा, ती कळ वाकली होती. वडिलांची घडीची चाकांची खुर्ची आत ठेवताना तिचा पाय त्या कळीवर वारंवार आदळत असे. बंद डिकीच्या अंधारात तो पाच वॉटचा दिवा अहोरात्र जळत होता.

मेस्त्रींनी हिशोब मांडला. दिव्याला सुमारे ०.४ अँपिअर लागतात. मंगळवार दुपारपासून गुरुवार सकाळपर्यंत साधारण ४२ तास होतात. म्हणजे १७-१८ अँपिअर-तास वीज गेली. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत अर्धी उरते, गाडी कण्हत सुरू होते. शनिवार दुपारपासून मंगळवार सकाळपर्यंत मात्र ६६ तास. २७-२८ अँपिअर-तास संपले, उरले ते स्टार्टरला पुरे पडत नाहीत. म्हणून मंगळवार. धाकट्याचा त्यात एवढाच अपराध की आठवड्यातील सर्वांत लांब मुक्कामानंतरची चावी त्याच्या वाट्याला आली होती. आणि ती कळ कुणी वाकवली? दोघांनीही, वडिलांची खुर्ची उचलता उचलता.

कुणी काही बोलले नाही. क्षमायाचना झाली नाही की गळाभेटही नाही. परतताना थोरला एवढेच म्हणाला, "मंगळवारी मीही येतो. खुर्ची दोघांनी उचलू."

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य मला त्या दिवसापासून निराळ्या प्रकाशात दिसू लागला. शिष्यांना त्याला पाहून पहिली जिज्ञासा होते ती अपराध्याविषयी. पाप याचे, की याच्या आईबापांचे? प्रभू येशू तो प्रश्नच बाजूला सारतो, खाली वाकतो, मातीचा लेप करतो आणि कामाला लागतो. शिष्यांचा प्रश्न चर्चेला उत्तम होता. त्या आंधळ्याच्या मात्र तो काहीच उपयोगाचा नव्हता.

म्हणजे दोष कुणाचाच नसतो, असे मी म्हणत नाही. दिवे चालू ठेवून निघून जाणारी माणसेही असतात. त्यांनी ते कबूल करावे, त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. पण कबुलीच्या आधी तपासणी येते आणि तपासणीला क्रम असतो. लोयोलाच्या संत इग्नेशियसने १५४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साधनाग्रंथात आत्मपरीक्षणाची रीत सांगितली आहे. ती आभारांनी सुरू होते. मग प्रकाश मागायचा आणि मग दिवसाचा एकेक तास चाळायचा. क्षमा त्यानंतर येते. मेस्त्रींनी हा ग्रंथ वाचलेला नाही. एकेक फ्यूज काढून पुन्हा जागी बसवणारा त्यांचा हात मात्र तीच शिस्त पाळतो. आपण घरात नेमके उलटे करतो. निकाल आधी लावतो आणि पुरावा नंतर शोधतो. मूल अभ्यासात मागे पडते, सुनेचा आवाज चढतो, म्हातारा बाप जेवत नाही, नवरा उशिरा घरी येतो. हे केव्हापासून, कशानंतर, किती तासांच्या मुक्कामानंतर, हे विचारण्याआधीच ज्याच्या हातात गाडी बंद पडली त्याच्यावर आपण शिक्का मारून मोकळे होतो. एखादा दिवा कुठेतरी झाकणाखाली जळत असतो आणि आपण बॅटरीमागून बॅटरी बदलत राहतो.

मेस्त्रींच्या सांगण्यावरून त्या कुटुंबाने गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली. जो गाडी चालवील त्याने तारीख, आवाज, केव्हा आणि कुठे एवढेच लिहायचे. नाव लिहायचे नाही. अशी वही तुम्हीही ठेवून पाहा, मेस्त्रीचे निम्मे काम हलके होते. वडील त्यानंतर सात महिने जगले. अंत्यविधीनंतर धाकट्याने मला ती वही दाखवली. मधल्याच एका पानावर वडिलांचे थरथरते अक्षर होते: "मंगळवार. पहिल्या झटक्यात सुरू. दोघेही बरोबर होते."