इंदापूरच्या अलीकडे नकाशा संपतो

रात्रीचा दीड वाजलाय. सकाळी साडेपाचला ग्रुपबरोबर खडकवासल्याला जायचंय, आणि मी डायनिंग टेबलावर तीन लॅपटॉप मांडून बसलेय. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही!

झालं काय, आषाढीच्या आधी सायकलवर पंढरपूर गाठायचं आमच्या ग्रुपचं ठरलं आणि रस्ता काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोनमधला नकाशा मला कायम चारचाकीवाली समजतो, उचलून हायवेवर नेऊन सोडतो. भाच्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, नकाशासाठी क्यूमॅपशॅक टाक. आणि रस्ता काढायला त्याला बीराउटर जोड. दोन्ही फुकट." फुकट म्हटल्यावर मला शंकाच आली. पण टाकलं.

आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर. त्यावर भाच्यानंच उबुंटू घालून दिलंय. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्यूमॅपशॅक', आणि पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, एक ठिपकासुद्धा नाही, त्यामुळे कीबोर्ड गेला असं समजून मी तो तीनदा आपटला. मग सरसर अक्षरं धावली आणि झालं. चहा गाळून होईपर्यंत!

लेकीच्या मॅकनं मात्र दारातच अडवलं. बनवणारा ओळखीचा नाही, म्हणून उघडणार नाही म्हणे. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन अगदी खाली 'ओपन एनीवे' दाबलं, तेव्हा कुठे आत घेतलं. ह्यांच्या विंडोजचंही तेच, फक्त चौकोन निळा आणि भाषा जास्त काळजीची. त्यात 'रन एनीवे' हे बटण दिसतच नाही, आधी 'मोअर इन्फो' या बारक्या अक्षरांवर टिचकी मारावी लागते. सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे हे. नाव-गाव विचारतो, रागानं बघतो आणि मग सोडतो.

तिन्हीकडे सुरू झालं आणि तिन्हीकडे समोर काय, तर कोरा पडदा. ना रस्ता, ना नदी. माझं काहीतरी चुकलं असणार या खात्रीनं मी मेनू उलटेपालटे केले, तर नकाशांच्या यादीत एक वाक्य सापडलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ अगदी असा: वाचवा! मला नकाशे हवेत! माहितीपत्रक वाचायचं नाही! मी मोठ्यानं हसले. ज्यानं कुणी हे लिहिलंय त्यानं माझ्यासारखी माणसं पाहिलेली आहेत. ते दाबलं, नकाशांची नावं आली, एकावर उजवी टिचकी मारून 'ॲक्टिव्हेट' केलं, आणि पुणं उगवलं! आमची गल्लीसुद्धा, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीकडे वळणाऱ्या बोळासकट! हा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा. 2004 पासून जगभरची हौशी माणसं तो भरताहेत. म्हणजे तो बोळ आमच्याच भागातल्या कुणीतरी काढला असणार. कोण असेल?

मग बीराउटर. त्याला आधी जावा लागतं; विंडोजवर ते नव्हतं, त्यात अर्धा तास गेला, तो सोडून देते. पण त्यापुढची खिडकी! पडद्यावर अख्खं जग, त्याचे चौकोन पाडलेले, पाच अंश बाय पाच अंश. आपल्याला हवा तो चौकोन टिचकी मारून उतरवून घ्यायचा. पुण्याचा चौकोन 'ई70_एन15'. म्हणजे पूर्वेला 70 ते 75 रेखांश, उत्तरेला 15 ते 20 अक्षांश. मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी, पणजी, सगळी त्या एकाच फाइलीत. एकदा उतरवली की रस्ता काढायला इंटरनेटची गरजच नाही.

पुण्यावर एक टिचकी, पंढरपूरवर दुसरी. रेघ उमटायची वाट बघतेय, तर आली चूक: 'ई75_एन15' ही फाइल सापडत नाही.

क्षणभर कळेना. मग नकाशा मोठा करून करून बघितला. 75 रेखांश जातो इंदापूरच्या जरा अलीकडून! तुकोबांच्या पालखीच्या वाटेनं गेलं तर तिथे चौकोन बदलतो, माउलींच्या वाटेनं गेलं तर माळशिरस आणि वेळापूर यांच्या मध्ये. इतकी वर्षं लाखो माणसं चालत ही रेघ ओलांडताहेत आणि मला आज, चूक दाखवणाऱ्या निरोपातून कळली.

शेजारचा चौकोन उतरवला. पुन्हा टिचक्या. सर्रकन रेघ गेली पंढरपूरला! मी ओरडलेच.

रस्ता कसा निवडायचा हे सांगणारी फाइल साधी अक्षरांची आहे, नोटपॅडमध्ये उघडते. 'फास्टबाइक' निवडलं की रेघ वेगळी, 'ट्रेकिंग' निवडलं की वेगळी. ट्रेकिंगच्या माझ्याकडच्या फाइलीत गंमत बघा: चढाला दंड शून्य, आणि दीड टक्क्याहून तीव्र उताराला, दर मीटर उतरण्यामागे 60. मला वाटलं उलटं छापलंय. मग दिवे घाट आठवला. कमावलेली उंची ब्रेक दाबत उधळणं हेच खरं नुकसान, आणि उतरायचं असेल तर आधी चढलेलोच असतो ना! ती उंचीही कुठून आली, तर 2000 सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं 11 दिवस रडारनं पृथ्वी मोजली, त्यातून. दिवे घाटात मी किती धापा टाकणार ते अंतराळातून मोजून ठेवलेलं!

आणि आत्ता पाहिलं, त्या दुसऱ्या चौकोनात तुळजापूर आहे, अक्कलकोट आहे, गाणगापूर आहे, हंपीसुद्धा आहे. हंपीवर टिचकी मारलीच.

हे पाणी प्यायला उठले, पडद्याकडे बघितलं, रेघ कर्नाटकात शिरलेली बघितली. "पंढरपूर ठरलं होतं ना?"

"हो, पण..."

"सकाळी मला लॅपटॉप ऑफिसला न्यायचाय. आणि तुझ्या मागच्या चाकात हवा नाहीये, संध्याकाळीच बघितलं मी."