ओम्मोम्मे होणारा बिघाड

आमच्या घरात दोन भाषा नांदतात, त्यामुळे काही दुखण्यांना दोन-दोन नावं आहेत. माझ्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे अक्काचं, सासर चिकोडीचं. भावोजी कन्नडमध्येच वाढले. मराठी त्यांनी अक्काशी भांडता भांडता शिकून घेतली, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या जुन्या पिकअपच्या क्रूझ कंट्रोलला जे झालं होतं, त्याला अक्का ‘मधूनमधून’ म्हणायची आणि भावोजी ‘ओम्मोम्मे’. म्हणजे एकच. गॅरेजमध्ये नेलं की गाडी शहाण्या मुलासारखी वागायची आणि गॅरेजमधून बाहेर पडून हायवेला लागली की पुन्हा तेच.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हायवेवर एकदा वेग ठरवून बटण दाबलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. चढ आला तर इंजिन आपणच जोर लावतं, सपाटी आली की कमी करतं. ताशी चाळीसेक किलोमीटरच्या खाली बहुतेक गाड्यांत ते चालतच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या राल्फ टीटर नावाच्या इंजिनिअरनं याची कल्पना काढली आणि १९५० मध्ये पेटंट मिळवलं. पुढे १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते बसवलं गेलं. हे टीटर पाचव्या वर्षापासून पूर्ण अंध होते. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी करायचे आणि ऐकायला लागले की वाढवायचे. त्या हिसक्यांना वैतागून टीटरना ही कल्पना सुचली, असं सांगतात. आमच्या भावोजींची गाडी चालवण्याची पद्धत त्या वकिलांचीच आहे.

पण भावोजींना क्रूझ हवं होतं ते हौसेपोटी नव्हे. त्यांचा उजवा गुडघा झिजलाय. ॲक्सिलरेटरवर पाय तासभर एकाच कोनात धरला की त्यांना गाडीतून उतरवत नाही. अक्काचा साड्यांचा आणि कापडाचा धंदा. माल आणायला लांब जावं लागतं आणि दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी द्यायला भावोजी तयार नसतात. पाच गिअरची ही डबल केबिन गाडी जुन्यात घेताना त्यांनी रंग पाहिला नाही, की टायर. स्टिअरिंगवरचं ते बटण तेवढं पाहिलं. आता तेच रुसलं होतं. एका गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगखालचा सगळा भाग बदलायला सांगून मोठा खर्च काढला, दुसऱ्यानं गाडीचा कॉम्प्युटरच गेला म्हणून सांगितलं. अक्का म्हणाली, विकून टाका. विकणं म्हणजे माल आणायला जाणं बंद, आणि जाणं बंद म्हणजे भावोजींनी दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राहणं. हे तिघांनाही कळत होतं, बोलत कुणीच नव्हतं. भावोजी एवढंच म्हणाले, ‘‘तड्री, नोडोण.’’ थांबा, बघू.

त्यांच्या भाषेत ‘निधान’ म्हणजे सावकाश. माझ्या भाषेत ‘निदान’ म्हणजे दुखणं ओळखणं. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे असल्या जोड्या कानाला लगेच सापडतात. पण या वेळी तो नुसता शब्दांचा खेळ राहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत अक्काला बाग प्रिंटचं कापड आणायला मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाग गावी जायचं होतं. मीही निघाले. आठ-नऊशे किलोमीटरचा रस्ता. गाडीत मला दुसरं काम नव्हतं, म्हणून वहीत लिहायला घेतलं: क्रूझ कुठं सुटलं, वेग किती होता, गिअर कोणता, रस्ता कसा, समोरचा दिवा विझला का.

नाशिक ओलांडेपर्यंत वहीचं पान भरलं आणि एक गोष्ट दिसू लागली. क्रूझ सुटायचं ते पुलांच्या सांध्यांवर आणि खडबडीत पट्ट्यांवर. गुळगुळीत रस्त्यावर तासन्तास काही नाही. दुसरं म्हणजे, क्रूझ सुटलं तरी ते चालू असल्याचा दिवा विझत नव्हता; ‘रिझ्यूम’ दाबलं की ठरवलेला वेग परत मिळायचा. म्हणजे वीज कुठं तुटत नव्हती, गाडीची स्मरणशक्तीही शाबूत होती. कुणीतरी तिला सांगत होतं, सोड. आणि तिला ‘सोड’ सांगणारे हाताशिवाय दोनच, ब्रेक आणि क्लच.

क्लचचा भाग हाती गिअर टाकायच्या गाड्यांतच येतो. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं. त्या वेळी क्रूझ चालूच राहिलं तर वेग का पडतोय म्हणून ते इंजिनला रेटत राहील आणि इंजिन ओरडेल. म्हणून क्लचच्या पेडलापाशी एक लहानसा स्विच असतो. पेडल हललं की क्रूझ बंद. ब्रेकपाशीही तसाच. आपल्याकडे क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय घरोघरी आहे, त्यामुळे अक्कानं लगेच नवऱ्याच्या डाव्या पायावर संशय घेतला. भावोजींनी धुळ्यापर्यंत डावा पाय सीटखाली ओढून धरला. क्रूझ तरीही दोनदा सुटलं. डावा पाय निर्दोष सुटला आणि भावोजींनी ते पुढचे दोन दिवस अक्काला विसरू दिलं नाही.

उरला ब्रेक. त्याचा साक्षीदार सेंधव्याला भेटला. महाराष्ट्राची हद्द संपली की सातपुड्यात बिजासन घाट लागतो. तो चढून आम्ही सेंधव्याजवळ चहाला थांबलो, तेव्हा मागून आलेला एक ट्रक ड्रायव्हर उतरून सरळ आमच्याकडे आला. भावोजींना म्हणाला, ‘‘भाईसाब, आपकी ब्रेक लाइट तो हर गड्ढे में जलती है. ब्रेक मार रहे हो कि नहीं, पता ही नहीं चलता.’’

माझा चहा हातातच राहिला. महिनाभर आम्ही क्रूझच्या नावानं बोटं मोडत होतो आणि गाडीच्या मागचे लाल दिवे मागच्यांना खोटं सांगत होते. येताना हाच घाट माल भरून उतरायचा होता. या उतारावर अपघात होतात हे त्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या दिव्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं असतं आणि नेमका त्याच वेळी भावोजींनी खरा ब्रेक दाबला असता तर? क्रूझ सुटत होतं ते गाडीला ब्रेक दाबल्यासारखं वाटत होतं म्हणून. शंका आली की काम सोडून द्यायचं, असंच ते बनवलेलं असतं. ते नीटच वागत होतं.

त्या रात्री कुक्षीच्या लॉजवर गाडी पांढऱ्या भिंतीला पाठ करून लावली. भावोजी आत, मी मागं. पेडलाला हात न लावता त्यांनी पायाखालची जागा मुठीनं ठोकली की भिंतीवर लाल उजेड लुकलुकायचा.

दुसऱ्या दिवशी बागला पोचलो. बाग लहान गाव, पूर्वी शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातलं. जवळच पाचव्या-सहाव्या शतकातली बौद्ध लेणी आहेत. कुक्षी रस्त्याला एक मिस्त्री मोटरसायकलींचं आणि पिकअपचं काम करायचा. त्याला मी वही वाचून दाखवली; त्यानं हसून बॅटरी घेतली आणि डोकं खाली, पाय बाहेर असा पेडलाखाली शिरला. दोन मिनिटांत त्याच्या तळहातावर काळा चुरा होता.

ब्रेकचं पेडल वर येऊन थांबलं की स्विचची दांडी दाबलेली राहते आणि दिवा बंद असतो. पेडल खाली गेलं की दांडी सुटते, दिवा लागतो. पेडलाला जिथं ती दांडी टेकते तिथं एक भोक असतं आणि त्यात रबराची एक गुंडी. होय, आपली गुंडीच, मराठीत आणि कन्नडातही. वय झालं की ते रबर कडक होऊन फुटतं. आमची गुंडी निम्मी झडली होती. दांडी उरलेल्या तुकड्यावर कशीबशी टेकलेली, खड्डा आला की घसरून सुटायची. अक्का तो चुरा पाहून गप्प झाली. गेले काही महिने पायाखालच्या मॅटवरचे हेच काळे कण ती दर रविवारी झाडून टाकत होती.

त्या मापाची गुंडी गावात नव्हती. मिस्त्रीनं भोकात चपट्या डोक्याचा एक लहान बोल्ट नटानं आवळला, वर ट्यूबच्या रबराचा तुकडा चिकटवला, मग स्विचची नट सैल करून अंतर जुळवलं. हे जुळवणंच महत्त्वाचं. फार लांब ठेवलं तर पुन्हा तीच बोंब. फार जवळ ठेवलं तर स्विचच पेडलाला रेटतो, ब्रेक थोडे लागलेलेच राहतात आणि चाकं तापतात. त्यानं हातानं पेडल बोटभर दाबून दिवा लागतो का पाहिलं, मग शेजारी ठोकून विझलेला राहतो का पाहिलं. शिवाय बजावलं की ही तात्पुरती सोय आहे, घरी गेल्यावर खरी गुंडी आणि स्विच दोन्ही नवे घाला.

माल तयार व्हायला दोन दिवस होते. १९६२ च्या सुमारास इथं येऊन स्थिरावलेले खत्री कारागीर हे काम करतात. लाल रंगासाठी सागवानी ठशानं तुरटीची खळ उमटवतात तेव्हा कापडावर लाल काही दिसत नाही. तांब्याच्या भांड्यात, धावड्याच्या फुलांबरोबर उकळल्यावर लाल वर येतो. भावोजी त्या भांड्यापाशी खुर्ची टाकून बसले आणि कापड बाहेर निघताना दर वेळी उठून बघत होते. गुडघ्याची आठवण त्यांना झाली नाही, किंवा झाली तरी बोलले नाहीत.

परतताना बिजासन घाट उतरण्याआधी मी आणि अक्कानं खाली उतरून दिवे पुन्हा पाहिले. घाटात क्रूझ लावायचं नसतं. भावोजी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निधान उतरले. शिरपूरच्या पुढं सपाटीवर त्यांनी पंचाहत्तरला बटण दाबलं आणि उजवा पाय मोकळा केला. धुळ्यापर्यंत किती सांधे आले ते मी मोजले, एकवीस. एकदाही सुटलं नाही.

नवा स्विच आणि गुंडी चिकोडीला येऊन पडली आहे. रविवारी बसवायची म्हणतात. गाडी विकायचं अक्का आता काढत नाही. फक्त मॅट झाडण्याआधी वाकून बघते.