गाडीच्या पोटातली हवा

उन्हाळ्यात आपल्या भोपाळच्या घरांत एकदा तरी कूलरचा पंप हवा धरतो. मोटर गुरगुरते, पाणी मात्र चढत नाही. गाडीच्या इंजिनातही हेच होतं, फक्त तिथे दुर्लक्ष फार महाग पडतं.

मागच्या मे महिन्यात आमच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा पाइप बदलून घेतला. दोन दिवसांनी लेक श्यामला हिल्सचा चढ चढत असताना तापमानाचा काटा सरसर वर गेला. तिने एसी बंद केला, गाडी कडेला घेऊन इंजिन थांबवलं आणि मला फोन केला. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगितलं, "गॅसकेट गया, हेड खोलना पड़ेगा." इकडे चार दिवसांनी नाशिकला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

लेक म्हणाली, "बाबा, हेड खोलण्याआधी आपण नीट बघू या ना."

बघितलं. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता. पण काटा वर जाऊनही हीटर थंड हवा फेकत होता आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज होता. म्हणजे पाइप बदलताना आत शिरलेली हवा तशीच राहिली होती.

हवा हलकी, म्हणून ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. तिथे कूलंट पोचत नाही आणि इंजिनाचा तेवढाच भाग तापतो. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, पण त्याच्याभोवती हवा असेल तर तो उशिरा उघडतो. असंच चालवत राहिलं, तर हेड वाकतं आणि गॅसकेट खरोखरच जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कॉलनीतल्या चढावर तोंड वर करून गाडी लावली. हँडब्रेक ओढला, चाकांमागे विटा ठेवल्या. आता रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच झालं. झाकण काढून कूलंट हळूहळू भरलं. त्यात मिसळायला डिस्टिल्ड पाणी घेतलं. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात. मग इंजिन सुरू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवला. भोपाळच्या मे महिन्यात हीटर! शेजारचे काका बघतच राहिले. पण हीटरच्या नळ्यांतली हवाही निघायला हवी ना.

पंधरा-वीस मिनिटांत थर्मोस्टॅट उघडला आणि तोंडातून बुडबुडे येऊ लागले. लेक वरचा पाइप कापड धरून हलकेच दाबत होती, पातळी उतरेल तसं मी कूलंट घालत होतो. रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद झाला, बुडबुडे थांबले, हीटर गरम हवा देऊ लागला. मग झाकण लावलं. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, त्यामुळे आधी गाडीचं पुस्तक बघावं. बुडबुडे थांबतच नसतील, तर मात्र गॅसकेटची शंका खरी धरावी आणि मेकॅनिककडे जावं.

मुलांनो, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा : तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. काटा वर गेला, तर लेकीने केलं तसंच करा आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबा.

पुढच्या सकाळी कूलंटची पातळी बोटभर खाली होती, तेवढी भरली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नाशिकला पोचलो. परतीच्या वाटेवर सेंधव्याकडे चढणारा बिजासनचा घाट लेकीनेच चढवला. काटा मध्यावरच होता. मागच्या सीटवर डोळ्याला काळा चष्मा लावलेली आई गाढ झोपली होती.