नरनाळ्याची जाळी

डिसेंबरात अकोल्याहून अकोटकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची वेचणी दिसते. बायांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या, धुऱ्यावर गाठोडी रचलेली. अकोट मागे पडलं की सातपुडा एकदम अंगावर येतो. शहानूरला वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहिलं, एक कोरकू वाटाड्या सोबत घेतला आणि गाडी घाटाला लागली. नरनाळा आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे गडावर माणसापेक्षा वानरांचा राबता जास्त.

“पयले तोफ पाह्यची का तलाव?” वाटाड्यानं विचारलं. नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव, लोकांचा गड एवढ्यात होतो. मी म्हटलं, महाकाली दरवाजा. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि निघाला.

वऱ्हाड म्हणजे काळ्या दगडाचा आणि काळ्या मातीचा मुलूख. त्यात हा दरवाजा पांढरट वालुकाश्माचा. कमळं, वर नक्षीदार कंगणी, अरबी लेख, आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेले सज्जे. त्या सज्ज्यांच्या जाळ्या बघायला मी आलो होतो. एकच नक्षी सगळीकडे ओढलेली नाही. एका चौकटीतून दुसरीकडे गेलं की हात बदलल्यासारखा वाटतो. एका छिद्रात करंगळी घातली. आतली बाजूही घासून काढलेली. खालून जाणाऱ्या घोडेस्वाराला ती कधी दिसणार होती?

दरवाजा 1487 चा, शहाबुद्दीन महमूदशहा बहमनीच्या अमदानीतला. वऱ्हाडचा सुभा तेव्हा फतहुल्ला इमादुल्मुल्काकडे होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हा मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मणाचा पोर, लढाईत धरून आणलेला. पुढे 1490 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरला इमादशाही उभी राहिली. त्याला वर आणणारा वजीर महमूद गावान. बिदरला त्यानं मदरसा बांधला, ग्रंथ जमवले, हेरातच्या जामी कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. खोट्या आरोपावरून 1481 मध्ये त्याचं डोकं उडवलं, आणि बहमनी राज्य त्यानंतर सावरलंच नाही.

युरोपातल्या प्रबोधनाबद्दल वाचताना आपण हा गड कधी जमेस धरत नाही. दरवाजा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1488 मध्ये, फ्लोरेन्सला तेरा वर्षांचा मायकेलअँजेलो गिरलांदायोच्या चित्रशाळेत शिकायला लागला. लिओनार्दो तेव्हा मिलानला होता. मायकेलअँजेलोनं आयुष्यात एकाच शिल्पावर नाव कोरलं, रोमच्या ‘पिएता’वर, मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर. पण बाकीच्या कामांवर नाव कोरायला त्याला छिन्नी उचलावी लागली नाही, कारण 1550 मध्ये वासारीनं कलावंतांची चरित्रंच छापून टाकली. आमच्या जाळीवाल्याचं नाव कुठे गेलं?

वऱ्हाडाला लिहायची सवय नव्हती, असं म्हणायचीही सोय नाही. इथून पूर्वेला, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर आहे. या दरवाज्याच्या दोनशे वर्षं आधी तिथे म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवत होता. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं ते त्याला विचारून, माणसं गाठून त्यानं ‘लीळाचरित्र’ रचलं. मराठीतलं पहिलं चरित्र अशा चिकाटीतून आलं. स्वामी कुठे बसले, काय खाल्लं, कुणाला काय बोलले, सगळं त्यात आहे. म्हणजे विचारायची रीत इथल्याच मातीत होती. फक्त पाथरवटापाशी जाऊन कुणी विचारलं नाही. मला हे फ्लोरेन्सच्या वैभवापेक्षा जास्त खटकतं.

सज्ज्याच्या सावलीत भाकर-ठेचा सोडला. वाटाड्याला विचारलं, “कोणी बांधला हा?”

“राजानं, अजून कोनं!”

“आणि ही जाळी?”

त्यानं जाळीकडे पाहिलं, बऱ्याच वेळानं म्हणाला, “हे काई राजाचं काम नाई, भाऊ.”

उतरताना त्यानं आठवण दिली, “तोफ राह्यली.” राहिली खरी. तुम्ही गेलात तर आधी महाकाली दरवाज्याशी अर्धा तास थांबा. तोफ कुठे पळून जात नाही.